पाण्याला दाद न देणारा दगड कसा ओळखायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्याकडे तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पाक्कमला अतिकिरणोत्सारी द्रव कचरा काचेत वितळवून घट्ट करतात. खनिजांच्या धर्तीवर बनवलेलं सिरॅमिक मात्र या काचेपेक्षा हजारपट टिकाऊ असतं, असं वाचायला मिळतं. हे खरं आहे का? असेल, तर आपण अजून काचेलाच का धरून आहोत? आणि महिनाभराच्या चाचणीवरून लाख वर्षांचं भाकीत कशाच्या जोरावर करतात?

गेली वीसेक वर्षं मी हेच काम करते आहे. वेगवेगळ्या खनिजरचनांच्या गोळ्या भाजायच्या, गरम पाण्यात ठेवायच्या आणि पाण्यात काय उतरलं ते मोजायचं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

'हजारपट' हा आकडा खोटा नाही, पण अर्धवट आहे. कुठल्या मूलद्रव्यासाठी, कुठल्या खनिजासाठी, कसल्या पाण्यात आणि किरणोत्साराचा किती मार खाल्ल्यावर, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, झीज किती हळू आहे यापेक्षा ती हळू का आहे हे कळलं, तरच पुढच्या लाख वर्षांबद्दल बोलता येतं.

आधी काच आणि खनिज यांच्यातला मूळ फरक पाहू. काचेत अणूंची मांडणी ठरलेली नसते. सिलिका आणि बोरॉनचं एक वेडंवाकडं जाळं असतं आणि त्यात कचऱ्यातली तीस-चाळीस मूलद्रव्यं जिथे जागा मिळेल तिथे बसतात. खनिजात तसं चालत नाही. तिथे प्रत्येक जागेचा आकार ठरलेला, विद्युतभार ठरलेला. सीझियमसारखा मोठा अणू हवा असेल, तर तेवढी मोठी पोकळी असलेलं खनिज निवडावं लागतं. पण एकदा तो त्या पोकळीत बसला, की त्याला बाहेर काढायला पाण्याला भोवतालचे मजबूत बंध तोडावे लागतात.

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले भूरसायनशास्त्रज्ञ टेड रिंगवूड यांनी 1978 मध्ये हीच कल्पना 'सिनरॉक' या नावाने मांडली, म्हणजे कृत्रिम खडक. त्यांचं म्हणणं साधं होतं: निसर्गात जी खनिजं युरेनियम, थोरियम, बेरियम पोटात घेऊन कोट्यवधी वर्षं टिकली आहेत, त्यांचीच टायटेनियमयुक्त भावंडं प्रयोगशाळेत घडवायची आणि कचरा त्यांच्यात वाटून द्यायचा. हॉलंडाइटने सीझियम घ्यायचं. झिर्कोनोलाइटने युरेनियम, प्लुटोनियम आणि त्यांच्या जातीची जड मूलद्रव्यं घ्यायची. पेरोव्हस्काइटने स्ट्रॉन्शियम घ्यायचं. सोबत थोडं रुटाइल, म्हणजे टायटेनियम ऑक्साइडचं खनिज, आणि धातूचे कण. एकूण वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत कचरा त्यात सामावतो.

यातल्या हॉलंडाइटचं माहेर आपल्या शेजारचं आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यातल्या काजळीडोंगरी या मँगनीजच्या खाणीत ते पहिल्यांदा सापडलं, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक टी. एच. हॉलंड यांचं नाव त्याला मिळालं. नैसर्गिक हॉलंडाइटमध्ये मँगनीज असतं, सिनरॉकमधल्यात त्या जागी टायटेनियम आणि ॲल्युमिनियम. रचना मात्र तीच: लांबलचक बोगदे, आणि त्यात ओळीने बसलेले बेरियमचे अणू. त्या ओळीत सीझियम शिरतं.

आता पाण्याचं बघू. सिनरॉकची गोळी डिस्टिल्ड पाण्यात 90 अंशांना ठेवली, तर तिन्ही खनिजं सारखी वागत नाहीत. झिर्कोनोलाइट जवळजवळ ढिम्म राहतं. पेरोव्हस्काइट हे त्या त्रिकुटातलं कच्चं मडकं. त्याच्यातलं कॅल्शियम पाणी ओढून घेतं आणि मागे टायटेनियम ऑक्साइडची साल उरते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल, तर पेरोव्हस्काइटला कॅल्साइट आणि टायटेनियम ऑक्साइड होणंच जास्त सोयीचं पडतं. म्हणजे तिथे टिकाऊपणा संथपणामुळे आहे, स्थैर्यामुळे नाही. हा फरक मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. उंच कड्यावर अडकलेला धोंडा आणि दरीत विसावलेला धोंडा, दोन्ही आज हलत नाहीत, पण दोघांच्या न हलण्याची किंमत एक नाही.

खनिजापेक्षाही कच्ची जागा म्हणजे कणांच्या मधल्या फटी. आम्ही त्यांना कणसीमा म्हणतो. सिरॅमिक म्हणजे बारीक स्फटिककणांची घट्ट बांधलेली भिंत, आणि विटा कितीही पक्क्या असल्या तरी चुना कच्चा असेल तर पाणी चुन्यातूनच शिरतं. भट्टीत ऑक्सिजन जास्त झाला, की कचऱ्यातलं मोलिब्डेनम धातूरूपात न राहता सीझियमशी जोडी जमवतं आणि सीझियम मोलिब्डेट तयार होतं. ते मिठासारखं पाण्यात विरघळतं. म्हणून सिनरॉक बनवताना मिश्रणात वजनाच्या सुमारे 2 टक्के टायटेनियम धातूची पूड घालतात, म्हणजे जादा ऑक्सिजन ती खाऊन टाकते. त्यामुळेच नीट भाजलेला सिनरॉक काळाकुट्ट दिसतो. माझ्या एका मालिकेत पाच गोळ्या काळ्या निघाल्या आणि सहावीच्या कडेला फिकट तपकिरी पट्टा दिसला. बाकी सगळं सारखं: घनता तीच, क्ष-किरण आलेखही जवळपास तोच. पाण्यात घातल्यावर पहिल्याच दिवशी त्या गोळीतून सीझियम इतरांच्या कितीतरी पट उतरलं. पट्टा कापून काढला आणि उरलेला तुकडा तपासला, तर तो बाकीच्या पाचांसारखाच वागला. त्या दिवसापासून गोळी हातात आली की मी आधी कडा बघते.

काचेलाही हा नियम चुकलेला नाही. ट्रॉम्बेच्या कचऱ्यात पूर्वीच्या प्रक्रियेमुळे सल्फेट भरपूर आहे. नेहमीच्या सोडियम बोरोसिलिकेट काचेत ते फारसं मुरत नाही, वितळलेल्या काचेवर मिठाची साय धरतं, आणि सीझियम त्या सायीत जाऊन बसतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी म्हणून ट्रॉम्बेसाठी बेरियम बोरोसिलिकेट काच शोधून काढली, जी सल्फेट पोटात घेते. आपल्या देशातलं हे फार मोलाचं काम आहे आणि त्याबद्दल मराठीत जवळजवळ कुणी लिहिलेलं नाही.

चाचणीबद्दल विचारलंय, तर ती कशी करतात ते सांगते. सर्वांत रूढ पद्धतीत ठरावीक मापाचा तुकडा कापतात, घासून गुळगुळीत करतात, टेफ्लॉनच्या डब्यात पाण्याखाली बुडवतात आणि डबा 90 अंशांच्या ओव्हनमध्ये 28 दिवस ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत नमुना दळून 75 ते 150 मायक्रॉनची पूड करतात आणि 7 दिवस ठेवतात. पुडीला पृष्ठभाग प्रचंड असल्यामुळे पाणी लवकर संपृक्त होतं. तिसऱ्या पद्धतीत ताजं पाणी सतत वाहतं ठेवतात, म्हणजे संपृक्त व्हायला वावच मिळत नाही. मग पाण्यातलं प्रत्येक मूलद्रव्य मोजायचं आणि नमुन्यात ते मुळात किती होतं त्या प्रमाणाने भागायचं. येणारं उत्तर असतं दिवसाला दर चौरस मीटरमागे किती ग्रॅम.

यात चुका कुठे होतात? पूड नीट धुतली नाही, तर मोठ्या कणांना चिकटलेली धूळ आधी विरघळते आणि पहिल्या दिवसाचा आकडा उगाच फुगतो. उलटी चूक जास्त घातक, आणि ती मी केलेली आहे. प्लुटोनियमऐवजी सीरियम वापरून झिर्कोनोलाइट बनवलं होतं. लीचेटमध्ये, म्हणजे नमुना बुडवून ठेवलेल्या पाण्यात, सीरियम यंत्राच्या मोजमाप-मर्यादेखाली आलं. मी आनंदाने तो निकाल गटासमोर ठेवला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फक्त एकच विचारलं, "डबा आम्लाने धुतलास का?" धुतला नव्हता. सीरियम, प्लुटोनियम, थोरियम ही मूलद्रव्यं पाण्यातून निघून डब्याच्या भिंतीला चिकटतात. पाणी स्वच्छ दिसतं आणि माल भिंतीवर असतो. डबा पातळ नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून पुन्हा मोजलं, तेव्हा खरा आकडा निघाला. तोही लहान होता, पण शून्य नव्हता. आजही एखाद्या शोधनिबंधात जड मूलद्रव्याचा दर वाचला, की भिंत धुतल्याचा उल्लेख आहे का हे मी शोधते.

सीरियमबद्दल आणखी एक सावधगिरी. ते प्लुटोनियमचं सोंग बरं वठवतं, पण गरम आणि ऑक्सिजन कमी असलेल्या भट्टीत प्लुटोनियमपेक्षा सहज तीन धनभारांवर उतरतं. मग ते स्फटिकातल्या वेगळ्याच जागेवर जाऊन बसतं. सीरियमवर आलेला निकाल प्लुटोनियमवर तसाच लागू होईल, असं गृहीत धरता येत नाही.

आता आकड्यांकडे वळू. चांगल्या झिर्कोनोलाइटमधून युरेनियमसारख्या जड मूलद्रव्यांचा दर दिवसाला चौरस मीटरमागे ग्रॅमचा एक लाखावा भाग, किंवा त्याहूनही कमी येतो. घनता साधारण 5 धरली, तर वर्षाला झीज एका नॅनोमीटरपेक्षा कमी, आणि लाख वर्षांत सुमारे 70 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीइतकी. बोरोसिलिकेट काचेचा सुरुवातीचा दर ताज्या गरम पाण्यात 1 ग्रॅमच्या पातळीचा असतो, म्हणजे वर्षाला मिलिमीटरचा आठवा भाग. 'हजारपट'सारखे आकडे या तुलनेतून येतात, काही वेळा त्याहून मोठेही.

पण ही तुलना काचेवर अन्याय करणारी आहे. काच तशी झिजत राहतच नाही. पाण्यात सिलिका वाढली की काचेच्या अंगावर जेलचा थर धरतो, पाण्याची वाट अडते आणि दर हजारो पट खाली येतो. त्या खालच्या दराने लाख वर्षांत झीज मिलिमीटरच्या पातळीवर राहते. बंदिस्त, संथ पाण्यात काच उत्तम टिकते. मात्र तिच्या वाटेत एक खाचखळगा आहे, आणि तो कळायला आपल्याला सह्याद्री पुरेसा आहे. पुणे, नाशिक, जळगावकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत जे सुंदर स्टिल्बाइट आणि इतर झिओलाइट सापडतात, ते आले कुठून? कोमट पाण्याने बेसाल्टमधली काच आणि खनिजं हळूहळू खाल्ली, आणि त्यातली सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम पोकळीत नेऊन झिओलाइट म्हणून बसवली. अणुकचऱ्याच्या काचेतही पाणी जास्त अल्कधर्मी आणि गरम झालं, तर तिच्या अंगावर झिओलाइट उगवू शकतात. ते पाण्यातली सिलिका आणि ॲल्युमिनियम शोषून घेतात, संरक्षक थर सैल पडतो आणि मंदावलेली झीज पुन्हा वेग घेते. सगळ्या काचांत हे होतं असं नाही, पण कधी आणि कुठे होईल हे नेमकं सांगणं हा आमच्या क्षेत्रातला सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एक आहे.

टायटेनियमच्या खनिजांत हा धोका जवळजवळ नाही, कारण त्यांचा संथपणा पाण्यात सिलिका साचण्यावर अवलंबून नसतो. टायटेनियम आणि झिर्कोनियमची ऑक्साइडं मुळातच पाण्यात विरघळायला तयार नसतात. पाणी बदललं, वाहतं झालं, तरी दर फारसा हलत नाही. मला सिरॅमिकचा खरा गुण हाच वाटतो. आकडा लहान आहे म्हणून नाही, तर आकड्यामागचं कारण परिस्थितीच्या मर्जीवर टांगलेलं नाही म्हणून.

आता सिरॅमिकच्या नाजूक दुखण्याकडे. प्लुटोनियम-239 चं अर्धायुष्य 24,100 वर्षं. त्याच्या प्रत्येक विघटनात अल्फा कण एका दिशेने सुटतो आणि उरलेला जड अणू तोफेसारखा उलट मागे रेटला जातो. हा मागचा धक्का वीस-तीस नॅनोमीटरचाच असतो, पण वाटेतले हजार-पाच हजार अणू जागेवरून उडवतो. असे धक्के साचत गेले की स्फटिकाची शिस्त मोडते आणि खनिज आतून अस्फटिकी होतं. झिर्कॉन या झिर्कोनियमच्या सिलिकेट खनिजात हा परिणाम फार ठळक असतो: तो सुमारे 18 टक्के फुगतो आणि पाण्यात जास्त वेगाने विरघळू लागतो. 2007 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात प्लुटोनियम घातलेल्या झिर्कॉनचं अणुचुंबकीय मोजमाप केलं होतं. 10 टक्के प्लुटोनियम असलेला झिर्कॉन अवघ्या 1,400 वर्षांत अस्फटिकी होईल, असा त्यांचा हिशोब निघाला. त्या निबंधानंतर 'सिरॅमिकचा फुगा फुटला' अशा बातम्या आल्या. मला त्या तेव्हाही पटल्या नव्हत्या, आजही पटत नाहीत, कारण तो निकाल झिर्कॉनचा होता, सगळ्या सिरॅमिकचा नव्हे.

झिर्कोनोलाइटही अस्फटिकी होतं. पण ते फुगतं 5–6 टक्क्यांच्या आसपास, आणि पाण्यातला दर फारसा बदलत नाही. पायरोक्लोर या त्याच्या जवळच्या नातलगात प्लुटोनियम-238 घालून, म्हणजे 87.7 वर्षं अर्धायुष्याचा जलद मारा करून अमेरिकेत पाहिलं, तिथेही असंच दिसलं. गॅडोलिनियम झिर्कोनेट तर अस्फटिकी होतच नाही. अणू विस्कटतात, पण साध्या फ्लोराइटच्या रचनेत पुन्हा रांगेत लागतात. त्याला भाजायला मात्र सोळाशे अंशांच्या आसपासची भट्टी लागते, आणि किरणोत्सारी खोलीत दूरहस्ताने ती चालवणं सोपं नाही.

याहून भक्कम साक्ष निसर्गाची. श्रीलंकेतल्या गाळात सापडणारं झिर्कोनोलाइट सुमारे 55 कोटी वर्षांचं आहे. थोरियमने ठासून भरलेलं, पूर्ण अस्फटिकी झालेलं, आणि तरीही त्याने युरेनियम, थोरियम आणि त्यांच्यापासून बनलेलं शिसं पोटात धरून ठेवलं आहे. केरळच्या चवरा आणि तमिळनाडूच्या मानवालकुरिचीच्या किनाऱ्यावरचं मोनाझाइट हातात घेऊन बघा, मधासारखे पिवळे-तपकिरी कण. ज्या खडकातून ते आले, त्यातल्या फेल्डस्पारची पावसाने माती केली. मोनाझाइट नद्यांतून वाहून, लाटांनी घासून निघालं आणि 8–10 टक्के थोरियम ऑक्साइड पोटात घेऊन तसंच राहिलं. शिवाय एवढा अल्फा मारा खाऊनही ते सहसा स्फटिकीच राहतं, कारण त्याच्या जखमा साध्या भूगर्भीय उबेतही भरून येतात. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या पुळणीवरची काळी वाळूही हेच सांगते: बेसाल्टची माती झाली, इल्मेनाइट मागे राहिलं. टायटेनियमची ऑक्साइडं पावसाळ्याला दाद देत नाहीत.

निसर्गाची साक्ष तरी डोळे मिटून घेऊ नये. आपल्याला दिसतात ते टिकलेले कण, विरघळून गेलेले दिसत नाहीत. शिवाय निसर्गात सीझियम-137 नसतं. ते 30 वर्षं अर्धायुष्याने बेरियम होतं, म्हणजे बोगद्यात बसलेल्या पाहुण्याचा आकार आणि भार दोन्ही बदलतात. स्ट्रॉन्शियम-90 तर इट्रियममार्गे झिर्कोनियम होतं, दोन धनभारांवरून थेट चारांवर. त्याचा दीर्घकालीन परिणाम कुठल्याही वाळूच्या कणात वाचता येत नाही, तो प्रयोगातच शोधावा लागतो.

मग तारापूरला काचच का? कारण तिथे येणारा द्रव दर खेपेला थोडा वेगळा असतो. आज सोडियम जास्त, उद्या लोह जास्त. काच ते सहन करते, खनिज करत नाही. प्रमाण बिघडलं की नको ते खनिज उगवतं आणि तेच सगळ्यात आधी विरघळतं. वितळवून ओतणं हे दाबाखाली भाजण्यापेक्षा दूरहस्ताने करायला सोपंही आहे. फ्रान्समध्ये 1978 पासून, सुरुवातीला मार्कूलला, औद्योगिक प्रमाणावर काच ओतली जाते आहे. तेवढा अनुभव कुठल्याच सिरॅमिकच्या गाठीशी नाही. माझ्या मते मिश्र कचऱ्यासाठी काच हा आपला निर्णय बरोबर आहे, आणि सिरॅमिकच्या प्रेमात असूनही मी तो बदला असं म्हणणार नाही.

सिरॅमिकची खरी जागा वेगळी आहे: जिथे रसायन ठरलेलं आहे आणि माल जड मूलद्रव्यांचा आहे. अमेरिकेने नव्वदच्या दशकात जादा प्लुटोनियमसाठी पायरोक्लोर सिरॅमिक तयार केलं होतं, ते 2002 मध्ये गुंडाळलं. आता ब्रिटनची पाळी आहे. सेलाफील्डला साठलेलं सुमारे 140 टन नागरी प्लुटोनियम इंधन म्हणून न वापरता कायमचं कोंडायचं, असं त्यांच्या सरकारने जानेवारी 2025 मध्ये जाहीर केलं. झिर्कोनोलाइट हा तिथला एक प्रमुख पर्याय आहे: सीलबंद डब्यात भरून, चहूबाजूंनी वायूचा दाब देऊन भाजलेलं. डबा बंद असल्याने काही उडून जात नाही, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा.

तिथला एक प्रश्न मला सध्या सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्लुटोनियम इतकं एकत्र ठेवायचं, तर साखळी प्रक्रिया पेटू नये म्हणून त्यात न्यूट्रॉन शोषणारं गॅडोलिनियम किंवा हाफ्नियम मिसळावं लागतं. पाण्यात मात्र ही तिघं सारख्या वेगाने उतरत नाहीत. गॅडोलिनियम आधी सुटतं, हाफ्नियम प्लुटोनियमसारखंच हट्टाने जागेवर राहतं. एकूण झीज कितीही लहान असली, तरी राखणदार आधी निघून गेला आणि प्लुटोनियम मागे राहिलं, तर तो लहान दर काय कामाचा? म्हणून या सिरॅमिकच्या चाचणीत मी आता एकेका मूलद्रव्याचा दर नुसता बघत नाही, गॅडोलिनियम आणि प्लुटोनियम यांच्या दरांचं गुणोत्तर बघते, तेही डब्याची भिंत धुऊन, आणि मारा खाऊन अस्फटिकी झालेल्या नमुन्यावर. असे नमुने जगात थोडे आहेत, आणि ते हाताळू शकणाऱ्या प्रयोगशाळा त्याहून थोड्या.